तेच चार सूर

प्रश्न : ताई, तुम्ही सुचवलेला रशियन संगीतकार रखमानिनोव्हचा दोन पियानोंसाठीचा पहिला स्वीट (अनेक भागांची रचना) घरी ऐकला. ‘अश्रू’ या तिसऱ्या भागात बाबांचे डोळे भरून आले. मला मात्र तेच तेच चार सूर ऐकून कंटाळा आला. शेवटच्या ‘ईस्टर’मध्ये तर नुसता घंटांचा गलका! माझ्या कानात काही कमी आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नाही. ‘ईस्टर’बद्दलची तुमची तक्रार थेट ज्येष्ठ रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या तक्रारीच्या जवळ जाते! त्यांचं म्हणणं होतं की, ‘ख्रिस्त उठला’ हे चर्चमधलं गाणं आधी एकटं ऐकू यावं, घंटा दुसऱ्या खेपेला याव्यात. रखमानिनोव्हने ऐकलं नाही. खऱ्या ईस्टरला गाणं आणि घंटा एकत्रच येतात, हे त्याचं उत्तर. एक सूरही बदलला नाही त्याने. हा स्वीट १८९३ सालचा, तेव्हा त्याचं वय वीस. मला घंटाच हव्यात, पण रिम्स्कींचं म्हणणं पटतं. घंटांच्या आत ते गाणं आहे हे कळायला मलाही चार-पाच वेळा ऐकावं लागलं. हेडफोन लावून ऐका. बऱ्याच ध्वनिमुद्रणांत एक पियानो डाव्या कानात, दुसरा उजव्यात असतो. जेमतेम तीन मिनिटांचा तुकडा आहे.

आता ‘अश्रू’. लहानपणी आजीबरोबर असताना रशियातल्या नोवगोरोदच्या सेंट सोफिया चर्चच्या घंटा रखमानिनोव्हने ऐकल्या होत्या. ते चार सूर तिथले. आणि भागाच्या सुरुवातीला रशियन कवी त्युत्चेव्हची कविता छापलेली आहे : माणसांचे अश्रू, शरद ऋतूतल्या रात्रीच्या पावसासारखे, न दिसता, न आटता वाहणारे. म्हणून ते सूर थांबत नाहीत.

मी हा भाग एका विद्यार्थिनीबरोबर बसवत होते. मध्येच हात उचलून ती म्हणाली, “बाई, हे संपतच नाही.” मी तिला म्हटलं, सूर तेच ठेव, पण भोवती काय बदलतंय ते ऐक. कधी ते माझ्याकडे येत, कधी तिच्याकडे जात, आणि खालची साथ दरवेळी वेगळी. त्या संध्याकाळी आम्ही तो भाग तीनदा वाजवला, तिच्या आग्रहाने.

हा स्वीट थोर रशियन संगीतकार त्चायकोव्स्कींना अर्पण केलेला आहे. पहिल्या वादनाला येण्याचा त्यांचा विचार होता, पण त्याच्या काही आठवडे आधीच ते गेले. बाबांनाही हे सांगा. आणि ‘अश्रू’ पुन्हा ऐकाल, तर रात्री ऐका, पंखा बंद करून.