सत्कार झाला, पुढे काय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा दादा फौजेत आहे. सुरुंगावर पाय पडून त्याचा गुडघ्याखालचा पाय गेला, आता सुट्टीवर घरी आलाय. रोज कोणी ना कोणी शाल-श्रीफळ घेऊन येतं आणि तो चिडतो. आम्ही पाणी हातात दिलं तरी चिडतो. रात्री म्हणतो, नसलेल्या पायाची बोटं दुखतायत. आई म्हणते डोक्यावर परिणाम झालाय. काय करावं?
— एक बहीण

उत्तर : ताई, आधी आईंना सांगा, डोक्यावर वगैरे काही परिणाम झालेला नाही. पाय गेला तरी मेंदूत त्या पायाची जागा तशीच राहते, म्हणून नसलेल्या बोटांना खाज येते, मुंग्या येतात, कधी आग आग होते. याला फँटम पेन म्हणतात, पाय गेलेल्या बहुतेकांना कमीजास्त होतंच. औषधं आहेत, आरसा समोर ठेवून करायचे व्यायाम पण आहेत, तेव्हा दात-ओठ खाऊन सोसत बसू नको म्हणावं, डॉक्टरला सांग.

आता चिडण्याचं. कृत्रिम पाय बसवला की झालं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं हो. सुरुवातीच्या महिन्यांत स्टंपची, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाची, सूज उतरत जाते, मग सॉकेट (कृत्रिम पायाची वाटी, जिच्यात ते टोक बसतं) ढिलं होतं, मग आत मोजे वाढवा, मग घामाने घासून फोड, आणि फोड आला की पाय काढून कोपऱ्यात आणि परत कुबड्या. एवढं सगळं करून माणूस स्वतःच्या पायाने मोरीपर्यंत जातो आणि आपण धावत जाऊन तांब्या हातात देतो, मग चिडणार नाही तर काय! पुण्यात सैन्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, सॉकेट टोचत असेल तर तिथे परत दाखवायला लाजायचं काही कारण नाही, पहिलं सॉकेट कायमचं नसतंच.

त्याला काम सांगा. बँकेचं, लाइट बिलाचं, पोरांच्या अभ्यासाचं. आधी जशा त्याच्याशी भांडत होतात तशा भांडा पण. १९७१ च्या युद्धात गुरखा रेजिमेंटच्या इयान कार्डोझोंचा पाय सुरुंगात गेला, त्यांनी स्वतःच्या खुकरीने तो कापला हे सगळ्यांना माहीत असतं, पण मला त्यापेक्षा पुढचं मोठं वाटतं, की मी अजून पलटण सांभाळू शकतो हे त्यांनी सैन्याला पटवून दिलं आणि पायदळाच्या बटालियनची कमान घेतली, आधी कुठल्याच दिव्यांग अधिकाऱ्याला ती मिळाली नव्हती. सत्कारवाल्यांचं म्हणाल तर येऊ का हे दादालाच विचारायला सांगा. (स्टेजला पाच पायऱ्या आणि रॅम्प नाही, असे सत्कार मी बरेच पाहिलेत.)

प्रश्न : पाय गेलेले निदान चालतात तरी, कमरेखालचं सगळंच गेलेले जवान पुढे काय करतात?

उत्तर : खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं. कण्याला मार लागलेले जवान तिथे राहतात. संवेदनाच नसते, त्यामुळे एका अंगावर जास्त वेळ पडून राहिलं तरी कळत नाही आणि जखम होते, म्हणून स्वतः वळता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्री पण. हे एक-दोन दिवस नाही, आयुष्यभर. आणि तरी तिथे व्हीलचेअर बास्केटबॉल जोरात चालतं.

मुरलीकांत पेटकर आपल्याच सांगली जिल्ह्यातले. सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, ईएमई मध्ये होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं, मग उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, वर्ल्ड रेकॉर्ड, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. पद्मश्री कधी? २०१८ ला! आपलं कौतुक किती वेळाने पोचतं ते बघा. होकाटो सेमा हे पण जवान, त्यांचा पाय २००२ मध्ये काश्मीरात सुरुंगाने नेला, गोळाफेक सुरू केली तिशी उलटल्यावर पुण्यात, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ. अर्थात प्रत्येकाने मेडल आणावं असं नाही, कुणाला नुसतं दुकान चालवायचं असतं, तेही तेवढंच कष्टाचं आहे.

प्रश्न : अपंगत्वाची पेन्शन आपोआप सुरू होते का?

उत्तर : नाही. दुखापत सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे वाढली हे ठरावं लागतं, टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवतं. युद्धात किंवा कारवाईत जखमी झालेल्यांसाठी वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी, तिचा दर जास्त. नाकारली तर अपील करा, तिथेही नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यातल्यांच्या तक्रारींचं न्यायाधिकरण आहे, त्याचं एक बेंच मुंबईत आहे. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज लिहायला तिथे मदत मिळते. आणि बोर्डाच्या प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा, ओरिजिनल कुणाच्या हातात देऊ नका, ओळखीचा असला तरी.