उत्तर: डोमिशियनचं नाणं कुरिअरने अडवलंय, २० टक्के भरू का?

जर्मनीतून मागवलेलं रोमन सम्राट डोमिशियनचं 'अस' (तांब्याचं रोमन नाणं), मँचेस्टरचा पत्ता आणि कुरिअरवाल्यांची २० टक्के व्हॅटची मागणी. तुमची पोस्ट वाचून डोकं परत तापलं.

१०० वर्षांवरचं संग्राह्य नाणं कस्टम्सच्या ९७०५ कोडखाली येतं. ब्रिटनमध्ये त्यावर ड्यूटी नाही, व्हॅट प्रत्यक्षात ५ टक्केच पडतो. तुमचं नाणं डोमिशियनने भरवलेल्या खेळांच्या निमित्ताने पाडलेलं आहे; माझं याच खेळांचं सेस्टर्टियस (आणखी एक रोमन नाणं) एका कुरिअर कंपनीने (नाव घेत नाही) 'धातूची वस्तू' म्हणून सोडवलं आणि पूर्ण व्हॅट लावला. फोन केला की म्हणायचे विक्रेत्याला विचारा, आणि विक्रेता म्हणायचा कुरिअरला सांगा. एका बाईंनी तर विचारलं, "नाणं आहे ना, मग चलन म्हणून दाखवू का?" इ.स. ८८ चं चलन! परतावा शेवटी मिळाला, पण कुरिअरने हाताळणी फी गिळली ती गिळलीच.

म्हणून फोनच्या नादी लागू नका. विक्रेत्याकडून 'प्राचीन रोमन नाणं, इ.स. ८८, ९७०५' असं स्पष्ट लिहिलेलं इन्व्हॉइस घ्या आणि कस्टम्सचं डिक्लेरेशन जाण्याआधी कुरिअरला ईमेलने पाठवा. गेलं असेल तर भरून मोकळे व्हा, कागद जपा, परताव्याचा अर्ज टाका. मी करसल्लागार नाही, नियम बदलतात, तेव्हा एकदा तपासून घ्या.

आणि नाणं चिंचेने घासून चकचकीत करायचं म्हणताय, ते मनातून काढा! देवघरातली भांडी नाहीत ती. वरचा हिरवा-तपकिरी थर गेला की किंमतही गेली. मात्र नखाने निघणारी फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो धातूला लागलेला रोग. नाणं कोरडं, बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

फोटोवरून नाणं मला तरी बरं वाटतंय. 'लुड सेक फेक' (म्हणजे 'शतकाचे खेळ भरवले') वाचता येतंय, वेदीवर अर्घ्य देणारा डोमिशियन आणि मागचं मंदिर शाबूत आहे. बासरीवाल्याचं डोकं झिजलंय, ते चालायचंच. जाता जाता: शतकातून एकदाच व्हायचे हे खेळ सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. १७ मध्ये भरवले आणि नंतरचा सम्राट क्लॉडियसने इ.स. ४७ मध्येच पुन्हा. 'कुणी कधी न पाहिलेले खेळ' ही क्लॉडियसची दवंडी ऐकून लोक हसले, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो, कारण आधीचे पाहिलेले काहीजण जिवंत होते. डोमिशियनने शतकाची गणती ऑगस्टसच्या खेळांपासून धरली आणि आपल्या खेळांची सोन्या-चांदीतही नाणी पाडली.

पाकिटातली विक्रेत्याची चिठ्ठी फेकू नका, विकताना तीच मागतात.