दिराला पाचारण आलंय, भांडी मात्र सिंकमध्येच

एका वहिनीचं पत्र आलंय, जरा कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"मावशी, सलाम. आम्ही इंदूरचे. मी प्रायव्हेट हॉस्पिटलात नर्स आहे, मिस्टर सियागंजला एका दुकानात हिशेब बघतात. धाकटा दीर अठ्ठावीसचा, पीथमपूरला प्लांटमध्ये होता, मागच्या दिवाळीपासून घरी बसलाय. त्याच महिन्यात तिथल्या बऱ्याच कॉन्ट्रॅक्टवाल्यांना काढलं होतं, पण हा म्हणतो नोकरी मीच सोडली, प्रभूने सेवेला बोलावलंय, आता फक्त वाट बघायची. नऊला उठतो, मग प्रार्थना, मग मोबाइलवर संदेश, म्हणजे प्रवचनं, दुपारी मंडळीतल्या विश्वासी लोकांच्या घरोघरी चहा, संध्याकाळी प्रार्थना सभा. चर्चमधल्या अर्पणाला पैसेही माझ्याकडेच मागतो. परवा नाईट करून आले तर रात्रीची भांडी तशीच पडलेली. मी त्याला म्हटलं, काम करायचं नसेल तर खाऊही नये असं पौलानेच लिहिलंय, आणि ताट वाढलं नाही. त्याने दोन दिवस उपास केला आणि सभेत सांगितलं की घरात माझा छळ होतो. सासूबाई बोलत नाहीत, मिस्टर गप्पच आहेत. मी बायबलच्या वचनाचा चुकीचा वापर केला का? माझं पाप झालं का? - थकलेली वहिनी"

सलाम गं. पाप बिप काही झालेलं नाही. नाईट ड्यूटी करून आल्यावर सिंक भरलेलं दिसलं तर माझ्या तोंडून वचनच निघालं असतं असं काही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण वचन ज्या वेळी काढलंस ती वेळ चुकली, आणि ज्याने सांगायला हवं होतं त्याने सांगितलं नाही, तू सांगितलंस, त्यावर पुढे येतेच.

आधी ते वचन. बायबलमधलं प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र, तिसरा अध्याय. थेस्सलनीका म्हणजे मासेदोनियातलं, आजच्या ग्रीसमधलं, बंदराचं गाव, तिथल्या ख्रिस्ती मंडळीतले काही जण कामधंदा सोडून बसले होते. का सोडला ते पौल लिहीत नाही, प्रभू आता येतोच आहे असं वाटून सोडला असावा असं बरेच अभ्यासक म्हणतात. पण ते लोक नुसते झोपून नव्हते हं, भलतेच बिझी होते, दुसऱ्यांच्या भानगडीत लुडबुड करत फिरत होते. हे वाचताना तुझ्या दिराचं दुपारचं टाइमटेबल माझ्या डोळ्यापुढे आलं, काय करू. आणि त्याच अध्यायात थोडं पुढे लिहिलंय की जो ऐकत नाही त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा. आपल्याकडे ती "खाऊही नये"वाली दहावी ओवी सगळ्यांना तोंडपाठ आणि पंधराव्या ओवीपर्यंत कोणी जात नाही.

आता पाचारणाचं. पौलाला दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर प्रत्यक्ष प्रभूने हाक मारली, यापेक्षा मोठं पाचारण तुझ्या दिराला आलं असेल असं मला नाही वाटत, आणि तोच पौल करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करत होता, शब्बाथाला यहुद्यांच्या सभास्थानात बोलत होता. थेस्सलनीकात तर रात्रंदिवस राबलो, कोणाच्या घरी फुकट जेवलो नाही असं स्वतःच लिहितो, आणि वर हेही सांगतो की खायचा हक्क होता पण तुम्हाला कित्ता मिळावा म्हणून वापरला नाही. आपल्याकडचं बघायचं तर पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन घे, १९०५ मध्ये तिथे मोठं आत्मिक जागरण, म्हणजे रिव्हायव्हल, झालं, लोक आजही त्याच्या साक्षी सांगतात, आणि त्याच आवारात मुली शेती, विणकाम, छापखान्याचं काम शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहत होत्या. म्हणजे "प्रभूची वाट बघतोय म्हणून काम नाही" हे काही जमत नाही. मोशे मेंढरं राखत होता, पेत्र जाळं टाकत होता, हाक आली ती हातात काम असतानाच.

तरी एक लक्षात ठेव, ह्याच पौलाला थेस्सलनीकात असताना फिलिप्पैकरांनी, म्हणजे फिलिप्पै गावच्या मंडळीने, एकदा नाही दोनदा मदत पाठवली होती आणि त्याने ती घेतली. त्यामुळे भावाला काही महिने घरात खाऊ घातलं यात तुमचं काही चुकलं नाही, आणि त्याने खाल्लं यातही लाज नाही.

पण मला तुझ्या पत्रातलं एकच वाक्य टोचत राहिलं, जे तू घाईत लिहून पुढे गेलीस. त्याच महिन्यात कॉन्ट्रॅक्टवाल्यांना काढलं होतं. मग पोरी, त्याने नोकरी सोडली की त्याची नोकरी सुटली? हे घरात कोणी विचारलंय का? अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, भाऊ कमावतो, वहिनी कमावते, त्यात "मला काढलं" असं मोठ्या भावासमोर म्हणायचं, त्यापेक्षा "प्रभूने बोलावलं" म्हणणं सोपं, लोक वर आमेन पण म्हणतात. तो खोटारडा आहे असं मी म्हणत नाही, त्याला स्वतःलाही ते आता खरंच वाटत असेल. इंदुरात तर आपल्याला हे शिकवायला नको, हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा चेक निघाला तो २०२३ च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षं, कितीतरी जण तोवर वारलेसुद्धा. ती माणसं रिकामी बसली ती आळशी होती म्हणून का?

मत्तयच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यातले मजूर आठव, अगदी दिवस बुडायला आला तरी बाजारात उभे. मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात, ते म्हणतात आम्हाला कोणी कामावरच लावलं नाही. त्यावर तो त्यांना बोध करत नाही, तुम्हीही द्राक्षमळ्यात जा म्हणतो, बस. पौलाचं ते कडक वाक्य ज्याला काम करायचंच नाही त्याच्यासाठी आहे, ज्याला मिळत नाही किंवा जो आतून खचलाय त्याच्यासाठी नाही. तू नर्स आहेस, तुला कळेल, झोप कशी आहे, जेवण कसं आहे, एकटा असताना तोंड कसं असतं त्याचं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर दिली, पाणी दिलं, दोनदा, मग पुढे पाठवलं. तसलं काही वाटलं तर प्रार्थना चालू ठेवूनच डॉक्टरला दाखवा, लाजू नका.

आता तुझ्या मिस्टरांकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या घरातला खरा आळस तिथे आहे. रागावू नकोस. माणूस दुकानात दिवसभर राबतो हे मान्य, पण सख्ख्या भावाशी अर्धा तास बसून बोलायचं काम त्याने इतके महिने टाळलंय, आणि ते काम बायको करते, तेही सकाळी, थकलेली, सिंकपाशी उभी राहून, मग ते बोलणं भांडणच होणार ना. तू बोललीस की तू परकी, छळणारी वहिनी, सासूबाईंना पण सोयीचं. सख्खा भाऊ बोलला तर तो सभेत जाऊन काय सांगणार?

तर मिस्टरांना म्हणावं, त्याला घेऊन सकाळी पोहे खायला बाहेर जा, घरात नको, आईसमोर तर नकोच. पहिला प्रश्न फक्त एवढाच, प्लांटमध्ये नक्की काय झालं होतं. आणि मग गप्प बसायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. काढलं असेल तर "मग आधी सांगायचं ना वेड्या" एवढं पुरे. त्यानंतर कामाचं. पीथमपूर नाही तर सांवेर रोडचे कारखाने बघ, तेही नाही तर कुठल्या गोदामात, दुकानात, सुरुवातीला मनासारखं नाही मिळणार, चालेल. नोकरी लागेपर्यंत घरातलं ठरलेलं काम त्याचं, रात्रीची भांडी, पोरांना शाळेत सोडणं, सासूबाईंची औषधं आणणं. उपकार म्हणून नाही, तो घरात राहतो म्हणून.

सेवेचं खरंच मनात असेल तर त्याला पाळकसाहेबांकडे पाठवा आणि त्यांना सरळ विचारू दे, मंडळीत माझ्यासाठी काय काम आहे. चांगले पाळक असतील तर माइक देणार नाहीत, आधी खुर्च्या लावायला, आजाऱ्यांना हॉस्पिटलात भेटायला, संडे स्कूलच्या पोरांना सांभाळायला लावतील. तिथे वर्षभर टिकला तर बायबल कॉलेजचं बोला. आणि छळाची जी साक्ष त्याने सभेत दिली ना, ती पाळकसाहेबांच्या कानावर तुझ्या बाजूने पण गेलेली बरी, पण तीसुद्धा मिस्टरांनीच घालावी.

अर्पणाचे पैसे मात्र आजपासून बंद. दुसऱ्याच्या पगारातून स्वतःच्या नावाचं अर्पण हे काय असतं मला समजत नाही. रिचार्ज पण पुढच्या महिन्यापासून त्याचा त्याने. ताट काढून घेऊ नकोस, निदान आत्ता नाही. सगळं बोलून, काम समोर ठेवून, महिना-दोन महिने वाट बघूनही तो चक्क नाहीच म्हणाला, तब्येत ठीक असूनही, तर मग ते दहाव्या ओवीचं वाक्य भावाने वाचायचं, पाळकसाहेबांना बरोबर घेऊन. तू त्या वेळी किचनमध्येसुद्धा नसलीस तरी चालेल.

सासूबाईंशी तू आपणहून बोल, त्या काही बोलल्या नाहीत तरी चहा दे आणि म्हण, त्या दिवशी आवाज चढला माझा. एवढंच म्हण, भांड्यांबद्दल माफी मागायचं काही कारण नाही.

आणि पोह्यांचा दिवस आत्ताच ठरवून टाका. रविवार नको, रविवारी दीर दिवसभर चर्चमध्ये असणार. सियागंजचं दुकान सकाळी किती वाजता उघडतं ते तुलाच माहीत, त्याच्या आधी तासभर मिळाला तरी खूप झाला, आणि मिस्टर म्हणतीलच की पुढच्या आठवड्यात बघू, तर ह्याच आठवड्यात म्हणावं.