गॅमा आणि शार्पनेस : प्रोजेक्टरविषयी एका वाचकाचा प्रश्न

प्रश्न : माझ्या डिजिटल प्रोजेक्टरवर चित्रपटांतील रात्रीचे प्रसंग फार काळे दिसत, म्हणून मी गॅमा २.२ वरून १.८ वर आणला. अंधारातले दिसू लागले, पण सगळे चित्र धुरकट झाले. ते उठावदार व्हावे म्हणून शार्पनेस जवळजवळ शेवटपर्यंत वाढवला, तर आता सबटायटलच्या अक्षरांभोवती पांढरी कड दिसते आणि चेहऱ्यांवर वाळू सांडल्यासारखे दाणे उमटतात. या दोन्ही सेटिंग कशा ठरवाव्यात?

उत्तर : आपली मूळ तक्रार बहुधा गॅमाची नव्हतीच. चित्रातला काळा रंग किती काळा असावा हे ब्राइटनेस ठरवतो, पांढरा किती पांढरा हे कॉन्ट्रास्ट ठरवतो, आणि या दोन टोकांच्या मधल्या छटा कशा चढत जाव्यात एवढेच गॅमाच्या हाती असते. निम्म्या ताकदीचा सिग्नल आला, तर २.२ गॅमावर पडद्यावर पूर्ण पांढऱ्याच्या सुमारे २२ टक्के प्रकाश पडतो, १.८ वर सुमारे २९ टक्के आणि २.४ वर जेमतेम १९ टक्के. म्हणजे आकडा उतरवला की अंधाराबरोबर चेहरे, भिंती, आकाश असे सगळेच उजळते. आपल्याला दिसलेला धुरकटपणा तोच. काही यंत्रांत असे आकडे नसतात, नुसती अधिक-उणेची पट्टी असते. तेथे दिशा चित्र पाहूनच ओळखावी.

ही वक्र चाल जुन्या पिक्चर ट्यूबकडून आलेली आहे. ट्यूबचा प्रकाश विद्युतदाबाच्या सरळ प्रमाणात वाढत नसे, म्हणून कॅमेऱ्याकडचा सिग्नलच उलट वाकवून पाठवला जाई. ट्यूब गेली, पण सिग्नल तसाच राहिला, कारण गडद छटांमधले बारीक फरक टिपणाऱ्या आपल्या डोळ्यांना तो सोयीचा पडतो. खोली पूर्ण अंधारी असेल तर २.४, थोडा उजेड असेल तर २.२ आणि दिवा चालूच ठेवायचा असेल तर २.० हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. पडद्यावर बाहेरचा उजेड पडत असेल, तर गडद छटा त्यातच बुडतात. तेव्हा गॅमाशी झगडण्यापूर्वी पडदे ओढून घेतलेले बरे.

आता रात्रीच्या प्रसंगांकडे वळू. प्रथम प्रोजेक्टर वीसेक मिनिटे चालू ठेवून तापू द्यावा आणि आपोआप कमी-जास्त होणारी आयरिस (प्रकाश आवरणारी झडप), म्हणजे डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, बंद करावी. ती चालू असताना केलेले मोजमाप प्रत्येक दृश्यागणिक बदलते. मग मेन्यूतील एचडीएमआय रेंज, म्हणजे केबलमधून येणाऱ्या सिग्नलमध्ये काळा-पांढरा कोणत्या आकड्यांवर धरला आहे ते, पाहावी. व्हिडिओच्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, तर संगणकाच्या पद्धतीत ० ते २५५. प्लेअर ० ते २५५ पाठवत असेल आणि प्रोजेक्टर १६ ते २३५ समजून घेत असेल, तर १६ च्या खालचे सारे तपशील सपाट काळे होतात, आणि गॅमा कितीही उतरवला तरी ते परत येत नाहीत. दोन्हीकडे एकच रेंज ठेवावी आणि त्यानंतर, चाचणीच्या चित्रातील जवळजवळ काळ्या पट्ट्या जेमतेम वेगळ्या दिसतील इतपत ब्राइटनेस ठेवावा.

गॅमा तपासायला उपकरण लागत नाही. संगणकावर एक चौकोन काढून त्यात एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेघा भराव्यात आणि त्याला लागून १८६ मूल्याचा सपाट करडा चौकोन ठेवावा. रेघांतून सरासरी निम्मा प्रकाश येतो आणि २.२ गॅमावर १८६ चा करडाही तेवढाच प्रकाश देतो. म्हणून लांब उभे राहून, डोळे किंचित मिटून पाहिल्यास दोन्ही चौकोन एकमेकांत मिसळले पाहिजेत. करडा अधिक उजळ वाटला तर प्रत्यक्षातला गॅमा २.२ पेक्षा कमी आहे, गडद वाटला तर जास्त. ही चाचणी संगणकाचे रिझोल्यूशन प्रोजेक्टरइतकेच ठेवून, कीस्टोन (तिरके पडलेले चित्र चौकोनी करणारी सेटिंग) शून्यावर आणि शार्पनेस उतरवून करावी. एरवी रेघांची सरमिसळ होऊन उत्तर चुकते. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा आवाका असलेल्या, चित्रांची प्रकाशरेषा वेगळी असल्याने हा हिशेब त्यांना लागू होत नाही.

शार्पनेस चित्रात नवा तपशील घालत नाही. यंत्र कडा शोधते आणि कडेची गडद बाजू आणखी गडद, उजळ बाजू आणखी उजळ करते. सबटायटलभोवतीची पांढरी कड तीच, आणि चेहऱ्यावरचे दाणे म्हणजे चित्रातला मूळचा बारीक खरखरीतपणा फुगवून दाखवलेला. कोठे थांबावे, हे करड्या पार्श्वभूमीवरील बारीक काळ्या रेघांवर कळते. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन शार्पनेस हळूहळू उतरवत न्यावा. रेघेशेजारची पांढरी सोबतीण नाहीशी होते ती जागा योग्य, त्याखाली रेघच पसरू लागते. ही जागा काही यंत्रांत शून्यावर तर काहींत पट्टीच्या मध्यावर असते, म्हणून दुसऱ्याने सांगितलेला आकडा उचलू नये.

चित्र त्यानंतरही मऊ वाटले, तर दोष लेन्सच्या फोकसमध्ये किंवा कीस्टोनमध्ये शोधावा. डिजिटल कीस्टोन चित्राचे पिक्सेल नव्याने मांडतो आणि बारीक रेघ तेथेच पुसट होते. शक्य तर प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ मांडावा किंवा लेन्स शिफ्ट, म्हणजे लेन्सच सरकवून चित्र हलवण्याची सोय, वापरावी. फोकस मात्र यंत्र तापल्यावरच, कोपऱ्यातली अक्षरे पाहून लावावा.

एवढे करूनही रात्र काळीच राहिली, तर गॅमा फार तर २.० पर्यंत न्यावा आणि मेन्यूत लॅम्पचे तास पाहावेत. लॅम्पचे सांगितलेले आयुष्य म्हणजे सहसा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचे तास असतात, आणि ते भरत आले असतील तर लॅम्पच बदलावा लागेल.