पाळीचा मान राखायचा तर आधी काम कोण उचलणार ते ठरवा

तुम्ही विचारलंय की पाळीचा आणि आपल्यातल्या स्त्रीशक्तीचा मान रोजच्या जगण्यात कसा राखायचा. त्यासाठी चंद्राच्या कलांप्रमाणे वागायचं, पैसे भरून 'शक्ती जागवणारे' कोर्स करायचे, हे खरंच लागतं का? आणि सासरी अजून चार दिवस बाजूला बसावं लागतं, त्याचं काय करायचं?

कोर्सचं आधी सांगून टाकते. नाही लागत. दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ३५ दिवस असणं नॉर्मल आहे. ते चंद्राच्या साडेएकोणतीस दिवसांशी जुळत नसेल तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही, आणि जुळत असेल तर त्यात विशेष काही कमावलेलंही नाही.

मी मूळची सोलापूरची, नोकरीमुळे भुवनेश्वरला राहते. इथे जूनच्या मध्यात, मिथुन संक्रांतीच्या सुमाराला, 'रज' नावाचा तीन दिवसांचा सण असतो. पावसाच्या तोंडावर धरणीमातेला पाळी येते असं मानतात. म्हणून तीन दिवस नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. मुलींनी वाटण-कांडण करायचं नाही, नवे कपडे घालून, पायांना आळता लावून झोक्यावर बसायचं, विडा खायचा. चौथ्या दिवशी वसुमतीस्नान. आमच्या शेजारच्या काकू त्या दिवशी घरातला पाटा-वरवंटा अंगणात काढतात, त्याला हळद लावून अंघोळ घालतात, कुंकू लावतात, फुलं वाहतात. तो पाटा म्हणजे भूदेवी. न्हाऊन उठलेल्या लेकीचं करावं तितक्या मायेनं त्या हे करतात. आमच्याकडे 'कावळा शिवला' हे दबक्या आवाजात सांगितलेलं ऐकत मोठी झालेली मी, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून आलं होतं.

पण त्याच काकूंची सून पाळीत देवघरात जात नाही. रजला खायचा पोडोपिठा, म्हणजे तांदूळ, गूळ, खोबरं घालून रात्रभर मंद आचेवर भाजलेला जाडजूड केक, आधीच करून ठेवतात, कारण सणात काम नको. तो करतं कोण? घरातली बाईच. जमिनीला तीन दिवस सुट्टी आणि ती सुट्टी पार पाडायला आदल्या रात्री बाई चुलीपाशी. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. त्या दिवसांत कुणीतरी तुमचं काम खरोखर उचललं, तर तो मान. नाहीतर पूजा धरणीची झाली, तुमची नाही.

आपल्याकडचं बाहेर बसणं हीसुद्धा विश्रांतीच होती असं पुष्कळ जण सांगतात. काही घरांत तेवढा निवांतपणा मिळतही असेल. पण जिला झोपायला वेगळी सतरंजी, पाणी वरून ओतून, आणि वर धुण्याचा ढीग आणि शेतातलं काम आहेच, तिला विश्रांती मिळाली असं मी म्हणणार नाही. विश्रांती हवी तेव्हा घेता येते आणि नको तेव्हा नाकारता येते. ज्यात हे दोन्ही नाही तो विटाळच.

रोजच्या जगण्यात काय करायचं, ते माझ्या मते अगदी साधं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करा, सगळ्यांना दिसेल असा. पाळीच्या आधीच्या दिवसांत हार्मोन्स खाली येतात, तेव्हा चिडचिड, जडपणा, रडू येणं हे अनेकींना होतं. तारीख माहीत असली की 'मी अशी का वागतेय' यात रात्र जात नाही, आणि घरच्यांनाही कळतं. पोटात मुरडा येतो तो प्रोस्टाग्लँडिन्स नावाच्या रसायनांमुळे. त्यांनी गर्भाशय आकुंचन पावतं, आणि त्यांच्यामुळेच काहींना जुलाबही होतात. वेदनाशामक गोळी ती रसायनं तयार होणं कमी करते, म्हणून असह्य होईपर्यंत थांबण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून वेळेवर घेतलेली बरी. सोसण्यात कसलीही शक्ती नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण 'वेदना हीच स्त्रीशक्ती' असलं बोलणं हल्ली फार ऐकू येतं आणि मला त्याचा मनापासून राग आहे.

हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारापेक्षा कमी असेल तर तो अॅनिमिया. हळीव, पालेभाज्या, उसळी खा, वर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्यानं लोह कमी शोषलं जातं. सात दिवसांच्या वर रक्तस्राव, तासातासाला पॅड बदलावा लागणं, कामच करू न देणारं दुखणं, यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. 'लग्नानंतर थांबतं', 'बाळंतपणानंतर थांबतं' यावर वर्षं घालवू नका.

काम उचलण्याचा मुद्दा मी इतका ताणतेय त्याला कारण आहे. बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या बायकांना पाळीसाठी महिन्याला दोन दिवस रजा मिळते. आणि आपल्या बीडमध्ये? ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यानं एक दिवस खाडा केला तर मुकादम दंड कापतो, म्हणून पाळीची कटकटच नको असं म्हणत तरुण बायकांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या. २०१९ मध्ये सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. या बायकांना शक्ती जागवायचा कोर्स नको होता, भरपगारी दोन दिवस हवे होते.

आता तुमच्या सासरचं. संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विचारून ठेवलंय की विटाळ देहातच जन्मतो, तर सोवळा देह आहे कुणाचा? देवघराबद्दल मी त्यांच्याच बाजूची आहे, चारही दिवस दिवा लावते. पण तुमची ताकद जपून वापरा. आधी स्वतःच्या पलंगावर झोपणं आणि स्वतःच्या हातानं पाणी घेणं एवढं मागा, आणि ते नवऱ्यानं त्याच्या आईशी बोलावं, तुम्ही नाही. त्या दिवसांतला सकाळचा डबाही त्यानंच करावा. देवघराचं त्यानंतर बघता येईल.