मुलीला पीएक्सई आहे, डेंटलला पाठवू का?

नमस्कार ताई,

पत्र दोनदा वाचलं. मुलगी सतराची, मानेवर पिवळट बारीक पुटकुळ्या म्हणून स्किनवाल्या डॉक्टरांकडे गेलात आणि बायोप्सीत स्यूडोझँथोमा इलास्टिकम म्हणजे पीएक्सई निघालं, नजर आत्ता एकदम चांगली, तिला डेंटिस्ट व्हायचंय, आणि स्क्रीनने डोळे जातील म्हणून तुम्ही आयटीलाही नाही म्हणताय.

आयटीची भीती आधी काढून टाका, स्क्रीन बघून हा आजार वाढत नाही. एबीसीसी६ या जीनमधल्या बिघाडामुळे शरीरातल्या लवचिक तंतूंवर कॅल्शियम साचतं आणि ते ठिसूळ होतात, डोळ्याच्या पडद्यामागच्या पातळ थरातही हेच तंतू असतात त्यामुळे त्याला तडे जातात. पुढेमागे त्या तड्यांतून नव्या रक्तवाहिन्या आत शिरून गळायला लागल्या तर मधली नजर जाते, कडेची बहुतेक वेळा राहते. म्हणजे माणूस घरभर बिनधास्त फिरतो पण समोरच्याचा चेहरा आणि पुस्तकातली ओळ काही दिसत नाही. वेळेत पकडलं तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता येतं. त्यासाठीच चौकटींचा तो कागद (अ‍ॅम्सलर ग्रिड) कपाटाच्या दाराला चिकटवा, एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, रेघ वाकडी दिसली की लगेच डॉक्टर गाठायचे.

आता डेंटल. खरं सांगू, इथे मी जरा कचरते, कारण दाढेतलं ते बारीक काम सगळं मधल्या नजरेवर चालतं, आणि ही भानगड झालीच तर बऱ्याचदा ऐन प्रॅक्टिस बसल्यावर होते. होईलच असं नाही हो! रेटिनाच्या डॉक्टरांना "हिने वीस वर्षं हेच काम करावं का" असं सरळ विचारा. स्पीच थेरपी, सायकॉलॉजी, जेनेटिक काउन्सेलिंग ही कामं मॅग्निफायर आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) घेऊनही करता येतात, आयटीही. न बघता टायपिंग मात्र तिला याच सुट्टीत शिकू दे.

कराटेतली फाइट बंद, डोक्याला-डोळ्याला मार नको, पोहू दे. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

एक राहिलं. डेंटिस्ट होण्यात तिला नक्की काय आवडतं, हाताचं काम की पेशंटशी बोलणं, ते तुमच्या पत्रात कुठेच नाहीये. पुढचं पत्र तिलाच लिहायला सांगा.