गर्भाशयाच्या रिपोर्टमधली चार नावे

प्रश्न : माझे वय 46 आहे. पाळीत फार रक्तस्राव होत असल्याने नुकतेच गर्भाशय काढले. सोनोग्राफीत एकच फायब्रॉइड दिसला होता. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘लायोमायोमा, ॲडिनोमायोसिस, क्रॉनिक सर्व्हिसायटिस, हायपरप्लेसिया विदाउट ॲटिपिया’ असे लिहिले आहे. यातला कर्करोग कोणता?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एकही नाही. लायोमायोमा म्हणजे आपला फायब्रॉइडच. भिंतीतल्या स्नायुपेशींची ही साधी गाठ पांढरट व टणक असते आणि तिची कड स्पष्ट असते. ती आतल्या पोकळीकडे वाढली तर लहान असूनही बराच रक्तस्राव घडवते, बाहेरच्या बाजूस असली तर मोठी होऊनही कित्येकदा त्रास देत नाही.

ॲडिनोमायोसिसमध्ये अस्तरातल्या ग्रंथी भिंतीच्या स्नायूत खोलवर शिरतात, स्नायू जाड होतो आणि बहुधा सगळे गर्भाशयच मोठे होते. येथे स्पष्ट कड नसल्यामुळे फायब्रॉइडसारखे हे सोलून काढता येत नाही आणि सोनोग्राफीतही अनेकदा निसटते. दोन्ही एकत्र सापडणे नेहमीचे आहे, म्हणून आपल्या रक्तस्रावाचा सगळा दोष एकट्या फायब्रॉइडवर टाकता येणार नाही.

क्रॉनिक सर्व्हिसायटिस म्हणजे गर्भाशयमुखाची जुनी सौम्य सूज. आपल्या वयाच्या बहुसंख्य स्त्रियांत ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसतेच. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझ्या रिपोर्टमध्ये मी ती सर्वांत शेवटी लिहिते, तरी पुष्कळदा पहिली विचारणा तिचीच होते.

लक्षपूर्वक वाचावे ते चौथे नाव : हायपरप्लेसिया, म्हणजे अस्तराची जादा वाढ. चाळिशीनंतर बीजमोचन अनियमित झाले की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कमी पडते, अस्तरावर इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाचाच प्रभाव राहतो आणि ग्रंथींची दाटी होते. चरबीतही इस्ट्रोजेन तयार होत असल्याने लठ्ठपणात हे अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 च्या वर्गीकरणात याचे दोनच प्रकार ठेवले : ॲटिपिया, म्हणजे पेशींतला बिघाड, नसलेला आणि असलेला. दुसऱ्या प्रकारात पेशींची केंद्रके बिघडलेली असतात आणि काढलेल्या गर्भाशयात कर्करोगही आढळण्याची शक्यता बरीच असते. आपला प्रकार पहिला, ज्यावर एरवी बहुधा प्रोजेस्टेरॉनचे उपचार पुरतात. गर्भाशयच काढल्याने त्याची वेगळी चिंता उरलेली नाही. गर्भाशयमुखही निघाले असल्याने, पूर्वी तेथे कर्करोगपूर्व बदल आढळले नसतील तर पॅप तपासणीचीही (तेथल्या पेशी घेऊन करायच्या तपासणीची) सहसा गरज नाही. जखम भरल्यानंतर मात्र योनीतून रक्त गेल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे.